घरून चालणाऱ्या कामाची देखभाल कोणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणात राहून पुण्या-मुंबईची, प्रसंगी परदेशातलीही नोकरी करता येते, याविषयी अलीकडे जे लिहिले-बोलले जाते त्याचा सारा भर इंटरनेटच्या वेगावर असतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गावी आलेल्यांपैकी बरेच जण परतले, काही इथेच राहिले. दरम्यान येथल्या लेखापालांनी, काजू कारखानदारांनी आणि आंबा निर्यातदारांनीही आपले बरेचसे कारकुनी काम कर्मचाऱ्यांच्या घरी सोपवले. अशा कार्यालयांची संगणक व्यवस्था मासिक शुल्कावर सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून सांगतो की अडचण वेगाची कमी आणि जबाबदारीची अधिक आहे.

पूर्वी आमची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, कार्यालयाच्या चार भिंतींपुरती असे. यंत्रे मोजायची, दर ठरवायचा, तक्रार आली की माणूस पाठवायचा. आता एकाच कार्यालयाची माणसे लांजा, राजापूर, देवरुख, गुहागर अशी विखुरली आहेत, तरी करारात मात्र ‘कार्यालयातील संगणक’ एवढेच लिहिलेले असते. ज्या लॅपटॉपवर सकाळी ग्राहकांची खाती उघडतात त्याच लॅपटॉपवर संध्याकाळी घरातली मुले खेळ उतरवून घेतात. राऊटरचा पासवर्ड तो बसवणाऱ्याने ठेवला तोच असतो. आणि विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, तरी घरच्या कित्येक यंत्रांवर तीच प्रणाली आजही निवांत चालू आहे. याहून घातक प्रकार म्हणजे कार्यालयातला टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, संगणक घरून उघडता यावा म्हणून त्याचे रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवण्याची सोय) थेट इंटरनेटवर खुले ठेवणे. अशी खुली दारे शोधणारे प्रोग्रॅम जगभर अहोरात्र फिरत असतात आणि रॅन्समवेअर (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) आत शिरण्याच्या ठरलेल्या वाटांपैकी ही एक आहे. त्याऐवजी व्हीपीएन (घर ते कार्यालय अशी सुरक्षित खासगी जोडणी), प्रत्येकाचे स्वतंत्र खाते आणि पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी एवढे केले तरी बराच धोका टळतो. त्याला फार खर्च येत नाही. मात्र ते घरोघरी करून घ्यायचे आणि नंतर टिकते आहे का हे पाहायचे, हे काम कोणाचे, याचे उत्तर मालकाकडेही नसते आणि कर्मचाऱ्याकडेही नसते.

त्यात आपला प्रदेश वेगळा आहे. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राऊटरला बॅटरी नसते, म्हणून काम थांबते; राऊटरपुरता छोटा यूपीएस बसवला तर काही तास निभावतात. फायबरची तार काचेची असल्याने तिच्यातून वीज येत नाही, हे खरे. पण मृगाच्या आधीच्या गडगडाटात राऊटर जळतात ते विजेच्या जोडणीतून आलेल्या दाबामुळे, त्यामुळे घराचे अर्थिंग पाहणे हाही आता संगणक देखभालीचाच भाग झाला आहे. खाऱ्या दमट हवेने पोर्ट गंजतात, त्याविषयी तर किनाऱ्यावरच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा ज्यांचा बॅकअप संगणकाच्याच टेबलाच्या खणात होता, त्यांचे दोन्ही एकदमच गेले. घरून काम करणाऱ्याचा बॅकअप तर बहुधा खणातसुद्धा नसतो. आगोटीची भरणी आपण पाऊस सुरू झाल्यावर करत नाही. माहितीची एक प्रत घराबाहेर, शक्य तर जिल्ह्याबाहेर ठेवणे हे त्याच जातीचे काम आहे.

ग्राहकांनी आम्हालाही प्रश्न विचारावेत, असे मी मुद्दाम सुचवतो. शेकडो घरांतली यंत्रे दुरून सांभाळायची म्हणजे त्यांच्या किल्ल्या एका ठिकाणी गोळा होतात. जुलै २०२१ मध्ये कसेया या कंपनीच्या दूरस्थ देखभालीच्या सॉफ्टवेअरमधून हल्लेखोर आमच्यासारख्या सेवा पुरवठादारांपर्यंत आणि त्यांच्यामार्फत ग्राहकांपर्यंत पोहोचले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली आणि त्यांतल्या बहुसंख्य यंत्रांपाशी प्रत्यक्ष जाऊन दुरुस्ती करावी लागली. दुरून सारे काही होते, असे सांगणाऱ्या व्यावसायिकाला गुहागरच्या वाडीत माणूस किती वेळात पोहोचेल, हे जरूर विचारावे. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. घरी बसलेल्या कर्मचाऱ्याने पहिला फोन कोणाला करायचा, हे आधी ठरलेले नसेल तर हे ६ तास चौकशीतच संपतात.

‘महिनाभर काही बिघडले नाही, मग बिल कसले?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकावा लागतो. काही बिघडू नये याचेच ते बिल असते. मात्र त्याबदल्यात ग्राहकाला दर महिन्याला लेखी अहवाल मिळाला पाहिजे, आणि तो न देणाऱ्या सेवा पुरवठादाराचे शुल्क अडवून धरले तर त्यात मला काही गैर वाटत नाही.

निदान पतसंस्था आणि रुग्णालये यांच्या संचालकांनी मे महिन्याच्या आत आपला करार काढून त्यात घरी असलेल्या यंत्रांचा उल्लेख आहे का, बॅकअप कोठे ठेवला आहे आणि तो शेवटचा कोणी उघडून पाहिला, एवढे तरी तपासावे. आंबा व्यावसायिकांना मे महिन्यात मान वर करायलाही फुरसत नसते. त्यांनी हे काम फेब्रुवारीतच उरकावे.

आपला,
एक संगणक सेवा व्यावसायिक,
रत्नागिरी