मुलांच्या जबड्याचा सांधा वेळीच तपासला जावा : गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस
सविनय नमस्कार.

माझ्या मुलीला ९व्या वर्षी संधिवाताचे निदान झाले तेव्हा तिचा गुडघा सुजला होता, आणि पुढचे वर्षभर आम्ही सर्वांनी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांसह, त्या गुडघ्याकडेच पाहिले. त्याच काळात ती जेवायला फार वेळ लावू लागली. चवथीची नेवरी दातांनी तोडण्याऐवजी ती हातांनी मोडून खाई, आणि हे नखरे समजून मी तिला रागावलो. एके सकाळी तिची वेणी घालताना तिच्या आईला आरशात दिसले, की जांभई देताना मुलीची हनुवटी डावीकडे सरकते आहे. दुखते का, असे विचारल्यावर ती ‘नाही’ म्हणाली.

ते ‘नाही’ खरेच होते. १६ वर्षांच्या आत सुरू होऊन निदान ६ आठवडे टिकणाऱ्या आणि ज्याचे नेमके कारण सापडत नाही अशा या संधिवातात जबड्याचा सांधा पुष्कळ मुलांत बाधित होतो, पण तो गुडघ्यासारखा सुजून दिसत नाही आणि अनेकदा दुखतही नाही. खालच्या जबड्याची वाढ या सांध्यातल्या हाडाच्या टोकाशी, कूर्चेच्या पातळ थराखाली होत असते. त्यामुळे तिथला दाह धुमसत राहिला तर त्या बाजूचा जबडा खुंटतो, चेहरा वाकडा होतो किंवा हनुवटी मागे राहते. साध्या एक्स-रेमध्ये हाडाची झीज दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. चालू दाह ओळखायला शिरेतून औषध देऊन काढलेला एमआरआयच लागतो.

वेळेत कळले तर बहुतेक काम चाकूविना होते. दाह शमवणारे मेथोट्रेक्सेट हे औषध, त्याने न भागल्यास जैविक औषधे (जिवंत पेशींपासून बनवलेली, दाहाचे ठरावीक दुवे रोखणारी), दातांवर बसवायची स्प्लिंट, जबड्याचे व्यायाम, त्रास वाढला की काही दिवस मऊ आहार, असे ते उपचार आहेत. वाढत्या वयात सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन हा पहिला उपाय मानत नाहीत, कारण त्याने जबड्याची वाढ खुंटण्याचा आणि सांध्यात नको तिथे हाड धरण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियाही शक्यतो वाढ पूर्ण होईपर्यंत थांबवतात. मात्र हे उपचार वर्षानुवर्षे चालतात, आणि त्यांत औषध देणारा, दात पाहणारा व व्यायाम शिकवणारा यांनी एकमेकांशी बोलावे लागते.

म्हणूनच माझी पहिली विनंती अशी, की वैद्यकीय महाविद्यालय आणि दंत महाविद्यालय ही दोन्ही बांबोळीलाच असल्यामुळे महिन्यातून एक दिवस या मुलांसाठी संयुक्त बाह्यरुग्ण विभाग चालवावा, आणि त्यात नेत्रतज्ज्ञही असावेत, कारण याच आजारात डोळ्याच्या आतला दाहही काही न जाणवता वाढतो. सत्तरीतल्या किंवा काणकोणातल्या आईबापांचा मजुरीचा एकच दिवस मग मोडेल. दुसरी विनंती, शालेय आरोग्य तपासणीत मुलाला तोंड पूर्ण उघडायला लावून ते किती मिलिमीटर उघडते आणि हनुवटी सरळ खाली येते का, हे नोंदवावे. त्याला पट्टी आणि एक मिनिट पुरते. तिसरी, राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेत स्प्लिंट, एमआरआय आणि फिजिओथेरपी यांची स्पष्ट तरतूद असावी, मूल दाखल झालेले नसले तरीही.

माझ्या मुलीचे तोंड उपचारांपूर्वी २६ मिलिमीटर उघडत होते. आज ३५ उघडते. हनुवटी अजून थोडी डावीकडेच आहे, आणि गेलेले ते वर्ष हाताशी असते तर ती किती सरळ राहिली असती, हा विचार मला सोडत नाही.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक पालक