धर्मादाय आयुक्तांना खुले पत्र : लापिएर यांची बिले आणि आपला नियम १९

मा. धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशन (एनआरए) या संघटनेचे माजी कारभारी वेन लापिएर यांच्यावरचा, संस्थेचा पैसा स्वतःवर खर्च केल्याचा खटला आपल्याकडे बंदुकीच्या राजकारणाची बातमी म्हणून छापून आला आणि विसरला गेला. पण हा खटला भरला होता न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी), राज्यातल्या धर्मादाय आणि ना-नफा संस्थांवर देखरेख ठेवण्याच्या अधिकारात. म्हणजे आपण महाराष्ट्रात जे काम करता, त्याच अधिकारात. सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासणारे आम्ही काही लेखापरीक्षक म्हणूनच, आमच्या अहवालातले प्रश्न ठरवणाऱ्या नियम १९ मध्ये बदल सुचवण्यासाठी, हे पत्र आपल्याला लिहीत आहोत. बंदूक कोणी बाळगावी, हा वाद आम्ही बाजूला ठेवतो. ज्युरीपुढेही तो प्रश्न नव्हता.

एनआरएची नोंदणी १८७१ सालची, न्यूयॉर्कमधली. मुख्यालय पुढे व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सला गेले, तरी नोंदणी जिथली तिथलाच कायदा लागू राहिला. लापिएर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉबिस्ट (कायदेमंडळात संस्थेची बाजू रेटणारे) म्हणून संस्थेत आले, १९८६ मध्ये तिच्या राजकीय शाखेचे प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष. नावाला उपाध्यक्ष, पण पगारी सर्वाधिकारी तेच. अध्यक्ष येत आणि जात. २०१२ च्या सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर आठवडाभरात पत्रकारांसमोर उभे राहून शाळांत सशस्त्र रक्षक नेमा म्हणणारे हेच गृहस्थ. संचालक मंडळ तेव्हा ७६ जणांचे. एवढ्या मोठ्या मंडळात प्रश्न विचारायची जबाबदारी नेमकी कोणाचीच नसते, हे आपल्या कार्यालयाला सांगायला नको.

आता पैसे कसे गेले ते पाहू, कारण खरा धडा तिथे आहे. ओक्लाहोमा सिटीतली अ‍ॅकरमन मॅक्वीन ही जाहिरात संस्था वर्षानुवर्षे एनआरएचे काम करत होती. लापिएर बेव्हर्ली हिल्समधल्या झेन्या या महागड्या दुकानातून सूट घेत आणि पैसे एजन्सी भरे. २००४ पासून ही रक्कम पावणेतीन लाख डॉलरच्या घरात गेली. हा आणि असाच इतर खर्च एजन्सी आपल्या बिलात घालून एनआरएकडून वसूल करी आणि त्याचे वर्णन असे एका ओळीचे, ‘खिशातून झालेला खर्च’ अशा थाटाचे. बिल खरे, एजन्सी खरी, सही खजिनदारांची, पैसे बँकेतून गेलेले. व्हाउचर तपासणाऱ्याच्या हातात जो कागद येतो, त्यात खोट काढायला जागाच नाही. खोट असते एक कागद मागे, एजन्सीच्या फाइलीत.

तो मागचा कागद मागायचा हक्क करारात असला, तरी तो वेळीच वापरला नाही तर काय होते, तेही इथे दिसले. एप्रिल २०१९ मध्ये एनआरएने स्वतःच्याच बिलांचा तपशील मिळावा म्हणून याच एजन्सीविरुद्ध व्हर्जिनियात दावा लावला. ज्याने पैसे भरले त्यालाच पावत्या बघायला कोर्टात जावे लागले!

खासगी विमानांचेही तेच. सुरक्षेच्या कारणावरून लापिएर यांनी नेहमीच्या प्रवासी विमानाने जायचे नाही, असा दंडक होता. पण लापिएर यांच्या पत्नीची भाची आणि तिचे कुटुंब नेब्रास्कातून विमानात चढे, तेव्हा कोणाची सुरक्षा राखली जात होती? एनआरएला सेवा पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या १०८ फुटी नौकेवर बहामा बेटांत लापिएर कुटुंब सुट्टी घालवी. या नौकेचा उल्लेख हितसंबंधांच्या वार्षिक घोषणापत्रात नव्हता. वस्तुरूपाने मिळालेला लाभ घोषणापत्रात सहसा येतच नाही, कारण फॉर्म भरणाऱ्याला ‘हितसंबंध’ म्हणजे भागीदारी किंवा शेअर एवढेच आठवते.

हे आतल्या माणसांना दिसत नव्हते असे नाही. जुलै २०१८ मध्ये लेखा विभागातल्या कर्मचाऱ्यांनी आपल्या काळजीच्या बाबींची लेखी यादी लेखापरीक्षण समितीपुढे ठेवली. समितीने काय केले, तर संबंधितांशी झालेल्या काही व्यवहारांना मागाहून मंजुरी दिली. हिशेबाच्या भाषेत याला काहीही म्हणा, साध्या मराठीत याला पांघरूण घालणे म्हणतात.

अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी ६ ऑगस्ट २०२० रोजी दावा दाखल केला. तीन वर्षांत संस्थेचे ६ कोटी ४० लाख डॉलरचे नुकसान झाले, हा त्यांचा आरोप, आणि एनआरए विसर्जित करा, ही मागणी. यावर लापिएर यांनी काढलेली पळवाट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. जानेवारी २०२१ मध्ये मंडळाने त्यांचा नोकरीचा करार मंजूर केला. त्यात संस्थेची ‘पुनर्रचना’ करण्याचा अधिकार त्यांना देणारे एक वाक्य होते. त्या वाक्याच्या बळावर त्यांनी १५ जानेवारीला डॅलसमध्ये दिवाळखोरीचा अर्ज टाकला. बहुतेक संचालकांना, मुख्य वित्त अधिकाऱ्याला आणि संस्थेच्या मुख्य वकिलालाही याचा पत्ता नव्हता. संस्था तर पैसे राखून होती. टेक्सासमध्ये अर्ज करता यावा म्हणून एक नामधारी कंपनी तेवढी उभी केली होती. न्यायाधीश हार्लिन हेल यांनी ११ मे रोजी अर्ज सद्भावनेचा नाही म्हणून फेटाळला आणि मंडळाला अंधारात ठेवण्याच्या प्रकाराला धक्कादायक म्हटले. नियामकाच्या तावडीतून निसटणे हाच हेतू, हे त्यांनी स्पष्टच लिहिले.

विसर्जनाची मागणी मात्र न्यायाधीश जोएल कोहेन यांनी मार्च २०२२ मध्ये काढून टाकली. फसवले गेले ते संस्थेचे सभासद. मग शिक्षा म्हणून त्यांचीच संस्था मोडायची कशी? आमच्या मते हे योग्यच झाले. जेम्स यांनी २०१८ च्या निवडणूक प्रचारात एनआरएला दहशतवादी संघटना म्हटले होते आणि बचाव पक्षाने ते वाक्य शेवटपर्यंत वाजवले. नियामकाने आधीच तोंड उघडले की चांगला दावाही डागाळतो, म्हणून हे आपल्याला लिहिण्यात थोडा हेतू आहे.

जानेवारी २०२४ मध्ये मॅनहॅटनमध्ये सुनावणी सुरू व्हायच्या तोंडावर लापिएर यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला. २३ फेब्रुवारीला ज्युरीने निकाल दिला : त्यांच्यामुळे संस्थेचे ५४ लाख डॉलरचे नुकसान झाले, काही रक्कम त्यांनी आधी परत केली होती, म्हणून आणखी ४३,५१,२३१ डॉलर द्यावेत. माजी खजिनदार विल्सन फिलिप्स यांच्यावर २० लाख. सचिव जॉन फ्रेझर यांना पैसे भरावे लागले नाहीत, पण नियामकाकडे दिलेल्या विवरणपत्रांतल्या चुकीच्या विधानांबद्दल त्यांच्यावर ठपका आला. वसुलीची रक्कम सरकारजमा नाही, संस्थेलाच परत. जुलैत कोहेन यांनी लापिएर यांना एनआरएत पगारी पद घ्यायला दहा वर्षे मनाई केली. बाहेरचा स्वतंत्र देखरेखकर्ता नेमायची मागणी मात्र त्यांनी मान्य केली नाही.

महोदय, आता हेच सगळे आपल्या नमुन्यांत बसवून पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालचा लेखापरीक्षकाचा अहवाल १९५१ च्या नियमांतल्या नियम १९ नुसार लिहावा लागतो. त्यात निविदा मागवल्या का, हा प्रश्न आहे. पण फक्त दुरुस्ती आणि बांधकामापुरता, तोही ५,००० रुपयांवर. आज ५,००० रुपयांत साधा संडासाचा दरवाजा दुरुस्त होताना मारामार, आणि जाहिरात, प्रवास, सुरक्षा, सल्ला या सेवांवर कितीही खर्च झाला तरी हा प्रश्न लागू होत नाही. विश्वस्तांचा हितसंबंध विचारला जातो, तो न्यासाच्या गुंतवणुकीत. पुरवठादारात विचारला जात नाही. विश्वस्त न्यासाचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, हेही विचारले जाते. पण एजन्सीने सूट शिवून दिला तर खातेवहीत विश्वस्त ना देणेकरी ना घेणेकरी. ते बिल परिशिष्ट नऊमध्ये, म्हणजे उत्पन्न-खर्चाच्या नमुन्यात, ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ या मथळ्याखाली निमूट जाऊन बसते. टीडीएस कापलेला, जीएसटी भरलेला. आम्ही सही करतो आणि ती सही नियमाप्रमाणेच असते.

वसुलीचे हत्यार आपल्याकडे आहे. कलम ३९ ते ४१ खाली नुकसानीचा अधिभार लावता येतो आणि तो विश्वस्ताबरोबर न्यासाशी संबंधित इतर व्यक्तीवरही. पण निलंबन आणि बडतर्फीचे कलम ४१ड विश्वस्तापुरते आहे. लापिएर यांच्यासारखा पगारी मुख्य कार्यकारी त्यात बसत नाही. त्याच्यासाठी कलम ४१अ चे निर्देश काढत बसावे लागते.

नियम १९ मध्ये आपल्या शिफारशीने एवढे यावे : पुरवठादाराच्या बिलात प्रतिपूर्तीचा (म्हणजे त्याने आधी भरून न्यासाकडून वसूल केलेला) खर्च असेल, तर एका ठरावीक रकमेवर मूळ पावती पाहिली की नाही, हे लेखापरीक्षकाने लिहावे. पावती मागण्याचा हक्क सेवा-कराराच्या मसुद्यात असावा. नसेल तर अहवालात तसे नमूद व्हावे. हितसंबंधांची नोंदवही विश्वस्त आणि पगारी प्रमुख या दोघांसाठी ठेवावी आणि तिच्यात मुक्काम, प्रवास, वाहन, भेटवस्तू, नातेवाईक हे रकाने स्वतंत्र असावेत. मागाहून दिलेली प्रत्येक मंजुरी ठरावाच्या तारखेसह वेगळी दाखवावी. पगारी प्रमुखाच्या नेमणुकीचा करार ठरावाला जोडलेला असावा आणि सभेआधी तो प्रत्येक विश्वस्ताला वाचायला मिळालेला असावा. लेखा विभागातल्या कर्मचाऱ्याला तक्रार थेट लेखापरीक्षकाकडे आणि आपल्याकडे पाठवता यावी. न्यूयॉर्कच्या कायद्यात वीस किंवा अधिक कर्मचारी आणि दहा लाख डॉलरवर उत्पन्न असलेल्या संस्थेला अशा तक्रारदारांच्या संरक्षणाचे लेखी धोरण सक्तीचे आहे. इथे मर्यादा कमी ठेवली तरी चालेल.

आमची नेमणूक विश्वस्तच करतात, आमची फीही तेच देतात. त्यामुळे वरचे प्रश्न नमुन्यात छापलेले असतील तरच ते आम्हाला विचारता येतील.

आपले,
सार्वजनिक न्यासांचे काही लेखापरीक्षक