मृग नक्षत्राचे पहिले छायाचित्र

धुळे,
पौष शुद्ध तृतीया

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मृग नक्षत्राचे छायाचित्र अखेर काढले आणि ते तुला सविस्तर कळवल्यावाचून राहवेना. मार्गशीर्ष अमावास्येला शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या मामांच्या शेतावर गेलो होतो. दादर ज्वारी आता डोक्याएवढी झाली आहे, म्हणून विहिरीजवळच्या मोकळ्या खळ्यात ट्रायपॉड लावला. उत्तरेला डोंगराच्या वर ध्रुव स्वच्छ दिसत होता. दक्षिणेला मात्र गावाच्या आणि शेतांतल्या दिव्यांची पिवळट झाक इतकी पसरली होती की, आपल्याकडून जेमतेम १६ अंश वर येणारा अगस्त्य त्या उजेडात फिका पडला. शेतातले दिवे रात्रभर जाळण्याची ही नवी रीत मला मनापासून खटकते.

अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस साधत नाही. व्याध पडद्यावर मोठा करून, ठिपका लहानात लहान होईपर्यंत भिंग हाताने हळूहळू फिरवावे लागते. पृथ्वी फिरत असल्यामुळे उघडझाप, म्हणजे कॅमेरा प्रकाश घेत राहण्याचा वेळ, लांबली की तारे लांबट उमटतात. त्यासाठी ५०० ला भिंगाच्या मिमीमधल्या नाभीय अंतराने भागून सेकंद काढण्याचा ठोकताळा आहे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, लहान असल्याने त्या अंतराला आधी दीडने गुणावे लागते. म्हणजे १८ मिमीला सुमारे १८ सेकंद आणि ५० मिमीला अवघे ६. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० ठेवला, बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावला आणि चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घेतली. मध्यरात्रीनंतर दहिवराने भिंग धूसर होऊ लागले, तेव्हा ते वरचेवर मऊ कापडाने टिपत राहिलो.

सुहास, ५० मिमीचे चित्र पडद्यावर आले तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता पाहत राहिलो. मृगातल्या ताऱ्यांपैकी काक्षी निखाऱ्यासारखा तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा! पृष्ठभागाचे तापमान एकाचे सुमारे ३,५०० केल्व्हिन, तर दुसऱ्याचे १२,००० च्या घरात. हे आपण शाळेत पाठ केले होते, पण तो फरक इतका ठळक मी कधी पाहिला नव्हता. तीन ताऱ्यांच्या बाणाच्या खाली, जिथे डोळ्यांना केवळ पुसट डाग दिसतो, तिथे गुलाबी तेजोमेघ उमटला होता. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. बदामीच्या चालुक्यांच्या काळात निघालेला प्रकाश त्या रात्री आपल्या खानदेशातल्या खळ्यात पोहोचला होता.

आता मला आकाशगंगेचा मध्यभाग टिपायचा आहे. चैत्र अमावास्येला मध्यरात्रीनंतर वृश्चिक आणि धनू आग्नेयेला चांगले वर येतात. जूनमध्ये ढग दाटण्याआधी तोच काळ सोयीचा. तेव्हा सपाटीवर उकाडा असतो आणि सेन्सर तापला की चित्रात रवाळपणा वाढतो, म्हणून आपण तोरणमाळला जाऊ. रजेचे आत्ताच पाहा आणि तुझे रुंद भिंग आठवणीने घेऊन ये.

तुझा,
प्रकाश