नियम नवा, पण फाशी जुन्याच नियमाने?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

नाशिकजवळ २००३ साली घडलेल्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. फेरविचार याचिकाही फेटाळली गेली, वकिलाचं तोंडी म्हणणं न ऐकता. प्रकरण संपलं होतं.

मग सप्टेंबर २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या फेरविचार याचिकेची सुनावणी खुल्या न्यायालयातच व्हावी. आणि ज्यांची याचिका फेटाळली गेली, पण फाशी अजून झालेली नाही, त्यांनाही हा नियम लागू राहील. ज्यांची क्युरेटिव्ह याचिकाही (फेरविचारानंतरची शेवटची याचिका) संपली होती, त्यांना मात्र वगळलं. नाशिकचा खटला या निर्णयामुळे पुन्हा उघडला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. जवळजवळ सोळा वर्षांनी. नियम फक्त पुढच्या खटल्यांपुरता ठेवला असता, तर ती फाईल बंदच राहिली असती.

नवा नियम जुन्या खटल्यांनाही लावायचा का, हाच प्रश्न आज पुन्हा उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२२ च्या मनोज निकालानुसार फाशी सुनावण्याआधी आरोपीची मानसिक तपासणी, घरची परिस्थिती, तुरुंगातली वर्तणूक ही सगळी माहिती सरकारनेच न्यायालयापुढे ठेवायची आहे. २५ ऑगस्ट २०२५ रोजी नागपूरच्या दुपारे प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ही काळजी घेतली गेली नसेल, तर फेरविचार आणि दयेचा अर्ज फेटाळल्यानंतरही घटनेच्या अनुच्छेद ३२ खाली (मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क) शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडता येतो. दोषसिद्धी कायम राहते. आणि नियमभंग स्पष्ट असेल तरच हे दार उघडतं.

अमेरिकेत उलट घडलं. एकमत नसलेल्या ज्युरीने (निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवणं घटनाबाह्य, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये अपिलं संपलेल्या लुइझियानाच्या जुन्या कैद्यांना त्याचा लाभ नाकारला. दोष तोच, निव्वळ तारीख वेगळी. आपल्या न्यायालयाने ती वाट धरली नाही, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

नागपूरच्या प्रकरणात चार वर्षांच्या मुलीचा जीव गेला. त्या घराला पुन्हा तारखा ऐकाव्या लागतात, याचं दुःख मला कळतं. पण नाशिकच्या त्या पीडित कुटुंबाला तरी निरपराधांच्या फाशीने कुठला न्याय मिळणार होता?

साहेब, येरवडा आणि नागपूर कारागृहांतल्या फाशी यार्डात हा दुपारे निकाल कैद्याला कोण समजावून सांगणार? वर्तणुकीचे अहवाल तर आपल्याच खात्याकडे असतात. मे २०२२ पूर्वी ज्यांची फाशी कायम झाली, त्यांची यादी करा. कुणाच्या प्रकरणात कोणता अहवाल न्यायालयापुढे आलाच नाही, ते तपासा आणि ती कागदपत्रं विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या हाती द्या. प्रत्येक कैद्याने स्वतः याचिका करेपर्यंत थांबू नका.

आपला,
एक नागरिक