बाहेरून करपलं, आतून कच्चं

सोन्या,

काल फोनवर म्हणालास ना, बटाटे बाहेरून काळे झाले आणि आतून कच्चेच राहिले, तेव्हा गडबडीत नीट सांगता आलं नाही म्हणून आता लिहितेय.

तू गॅस फुल ठेवलास, घोळ तिथेच झाला बघ. पॅनमधून फोडीच्या वरच्या थराला उष्णता पटकन लागते, पण तिथून आत शिरायला तिला बटाट्यातूनच वाट काढावी लागते आणि बटाटा म्हणजे बरंचसं पाणीच, त्यातून ती अगदी सावकाश सरकते. गॅस वाढवलास की बाहेरचा थर 140-150 डिग्रीच्या पुढे जाऊन आधी ब्राऊन होतो, मग काळा, आतलं मात्र त्याच्याच स्पीडने शिजत राहतं. आणि मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे की फोड दुप्पट जाड असली तर वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो! म्हणून फोडी बारीक चिर आणि सगळ्या सारख्या. पॅन जाड बुडाचा घे, पातळ स्टील एकाच जागी तापतं.

उकडायचे असतील तरी तेच. पाणी एकदा उकळलं की 100 डिग्रीलाच थांबतं, उंच डोंगरावर तर त्याच्याही खाली, मग तू कितीही आच वाढव, ती सगळी नुसती वाफ करण्यात जाते. आणि खर्च किती बघ, 20 डिग्रीचं पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या साडेसहापटीहून जास्त तेच पाणी पूर्ण वाफ व्हायला लागते. उकळी आली की गॅस बारीक कर, झाकण ठेव. घाई असेल तर कुकर लाव, आत दाब वाढतो म्हणून पाणी 120 च्या आसपास उकळतं.

झाकण उचलताना मात्र जपून रे, पलीकडच्या बाजूने उघड, कारण वाफेत शिरलेली ती सगळी उष्णता कातडीवर पाणी होताना एकदम बाहेर पडते. फडकं कोरडंच घे, ओल्यातून चटका लगेच बसतो. भाजलंच तर नळाखाली 20 मिनिटं धर, बर्फ नको लावूस.

रविवारी परत करून बघ. सुरी टोचून बघायची, सहज आत गेली की शिजले.

आई