रसायनतज्ज्ञांनी विहिरीवरही यावे

लोटे-परशुराम, महाड, रोहा इथल्या औद्योगिक वसाहतींमुळे कोकणात रसायनशास्त्र शिकलेली माणसे भरपूर आहेत. त्यांच्या स्थानिक संघटना व्याख्याने घेतात, २ ऑगस्टला भारतातल्या आधुनिक रसायनशास्त्राचे प्रवर्तक आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची जयंती साजरी करतात. चांगलेच आहे, पण ते सभागृहाबाहेर पोहोचत नाही.

खाडीकाठच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. त्यात क्लोराईड (मिठातला एक घटक) किती, हे सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने, म्हणजे ते द्रावण थेंबाथेंबाने किती लागते हे मोजून, शाळेच्या प्रयोगशाळेतही कळते. पिण्याच्या पाण्यासाठी इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. संघटनेने शाळेगणिक एक तज्ज्ञ द्यावा, मुलांनी आपापल्या वाडीतले नमुने आणावेत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. दाभोळ खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत मासे मेल्यावरच पाण्यातल्या प्राणवायूची चर्चा होते. तो दर महिन्याला मोजला, तर दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या हाती निदान नोंद तरी राहील.

कारखान्यात नोकरी करणाऱ्याला हे एकट्याने करणे अवघड आहे, हे मी जाणतो. म्हणूनच ते संघटनेच्या नावाने व्हावे. निवृत्त तज्ज्ञांनी पुढाकार घ्यावा, आणि पाऊस उलटताच पहिले नमुने घ्यावेत.

– एक वाचक, चिपळूण