बागेच्या दारात परमिट रूम नको, साहेब

मा. राज्य उत्पादन शुल्क मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी दापोली तालुक्यात समुद्राच्या कडेला राहते. घराला लागून चार खोल्या आहेत त्या पर्यटकांना देते, खानावळ चालवते, आणि आमच्या बचतगटाचा कोकम सरबत, आंबापोळीचा छोटा स्टॉल आहे तोही बघते. म्हणजे पर्यटक आले तरच आमची चूल पेटते, हे आधी सांगते, नाहीतर कोणी म्हणेल ह्यांना विकासच नको. गावाचं नाव इथे लिहीत नाही, गावाची बदनामी करायची नाही मला, आणि तुमच्या खात्याकडे जो अर्ज आलाय त्याच्यावर ते आहेच.

अर्ज आहे आमच्या पुळणीवरच्या, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवरच्या, बागेतल्या कॅन्टीनसाठी, एफएल थ्री म्हणजे परमिट रूमचं लायसन्स पाहिजे म्हणून. ते देऊ नका एवढंच मागायला हे पत्र लिहितेय.

बाग म्हणजे फार मोठं काही नाही. सुरूचं बन, त्यात बाकडी, लहान मुलांची झुकझुक गाडी, झोपाळे आणि एक छोटंसं मत्स्यालय, बारा टाक्यांचं. पर्यटनाच्या सरकारी निधीतून झालं, जागा ग्रामपंचायतीची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्यातलं काही उभं राहिलं नाही, श्रीवर्धन-दिवेआगरपासून आमच्या हर्णै-केळशीपर्यंत काय अवस्था झाली ते तुम्हाला माहीत असेल, नारळ-पोफळीच्या बागा आडव्या, घरांवरचे पत्रे दुसऱ्याच्या आगरात, दिवसेंदिवस लाईट नाही. त्यात बागेतले सुरू पण गेले. स्वतःची घरं शाकारून झाल्यावर आम्ही बायकांनीच पहिल्यांदा ती जागा साफ केली, कोयते घेऊन, फांद्या ओढून ओढून हाताची सालं गेली, आणि दुसऱ्या पावसात नवीन रोपं लावली. ती आता डोक्याच्या वर गेलीत. म्हणून साहेब ही बाग सरकारच्या कागदावर कुणाचीही असली तरी आम्ही तिला आमची समजतो.

आणि तिथे येतं कोण ते सांगते. डिसेंबर-जानेवारीत सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या शाळांच्या सहली, लाल एसटीतून उतरलेली पोरं समुद्र बघून नुसती ओरडत सुटतात, त्यातल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदाच बघितलेला असतो. रविवारी तालुक्यातली घरंच्या घरं डबे घेऊन येतात. आणि २०२३ पासून एसटीत बायकांना हाफ तिकीट झालं ना, तेव्हापासून बायकांचे गटच्या गट यायला लागलेत, कोणी भिशीचा ग्रुप, कोणी भजनी मंडळ, घरातला पुरुष बरोबर नसताना पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या साठीच्या बायका. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर धरून पाण्यात उभ्या राहतात आणि लाटेला हसत बसतात. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत निवांत बसतात कारण आजूबाजूला सगळी पोरंबाळंच असतात, कोणी वाईट नजरेने बघणारं नसतं. आमच्या गावातल्या सुनासुद्धा स्वयंपाक आटपला की तिथेच जातात, कारण गावात बाईने उगाच जाऊन बसावं अशी दुसरी जागाच नाही. देऊळ आहे, पण तिथेही काहीतरी काम असेल तरच. पुरुषांना पार आहे, नाका आहे, बंदराची जेटी आहे. आम्हाला ही एक बाग आहे.

आता कॅन्टीनचा ठेका ज्यांनी घेतलाय त्यांचं म्हणणं असं की चहा-वड्यावर भागत नाही, पर्यटक बियर मागतात, आणि ते परमिट रूमला वेगळा दरवाजा काढतील, काळी काच लावतील, मुलांना काही दिसणार नाही. नवीन बोर्ड रंगवून आणून पण ठेवलाय, "परमिट रूम अँड फॅमिली रेस्टॉरंट". मी तो बोर्ड बघितला, कॅन्टीनच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलाय, झुकझुक गाडीच्या तिकीट खिडकीपासून मोजून चौदा पावलांवर.

काळ्या काचेच्या आत काय चाललंय ह्याची मला चिंता नाही साहेब. माणूस आत बसून राहत नाही ना. दोन तासांनी तो त्याच दारातून बाहेर येणार आणि समोर त्याला काय दिसणार, बाकडी, पोरं, बायका आणि पुढे समुद्र.

आमच्या घरात कोणी घेत नाही असं सांगून मी सोवळं मिरवणार नाही. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर घेतली, पण ते पडवीत नातवंडं असताना कधी ग्लास घेऊन बसले नाहीत, ज्याला जी जागा ती त्यांनी पाळली. फाट्यावर परमिट रूम आहेतच, गाडीने दहा मिनिटं लागत नाहीत, तिथे कोणी जाऊ नये असं आमचं काही नाही. प्रश्न जागेचा आहे.

लायसन्स नसताना आत्ताच काय होतं ते ऐका. गेल्या डिसेंबरात माझ्याकडे कराडचं एक कुटुंब उतरलं होतं, सहा वर्षांचा मुलगा. सकाळी आठच्या सुमारास वडिलांनी त्याला कडेवर घेऊन पळत आणलं. बियरच्या बाटलीचा तळ, बांगडीसारखा गोल फुटलेला, वाळूत अर्धा पुरलेला, त्याच्यावर पाय पडला होता. मी पाय मांडीवर घेतला, पाणी ओतलं तर टाचेच्या मांसात हिरवी काच चमकत होती, काढायची माझी हिंमत होईना, स्वच्छ फडकं गुंडाळलं आणि माझ्या मिस्टरांनी गाडी काढून दापोलीला नेलं. चार टाके पडले. तो पोरगा परत आल्यावर पडवीतून खाली उतरायला तयार नव्हता, वाळू दिसली की आईला घट्ट धरायचा, समुद्र बघायला आला होता आणि दोन दिवस खोलीत बसून गेला. ती बाटली कोणीतरी फाट्यावरून विकत घेऊन एवढ्या लांब आणली होती. उद्या ती तिथेच विकत मिळायला लागली की वाळूत काय काय सापडेल याचा विचार करा. प्लास्टिक दिसतं, आम्ही दर शनिवारी गोळा करतो. काच दिसत नाही, वाळू तिला गिळते आणि भरती-ओहोटी दुसरीकडे नेऊन ठेवते.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ही मला जास्त घाबरवते. माझा धाकटा दीर किनाऱ्यावर जीवरक्षक आहे, शिट्टी, दोरी आणि एक ट्यूब एवढ्यावर सगळी पुळण सांभाळतो. आमची पुळण सपाट आहे, ओहोटीला पाणी लांब जातं, माणसं चालत चालत आत जातात आणि भरती लागली की मध्ये जे खोलगट पट्टे असतात ते आधी भरतात, म्हणजे पाणी समोरून येतंय असं वाटतं पण ते पाठीमागे आलेलं असतं. त्यात ओढ असली की पोहणाऱ्यालाही सुचत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडच्या मुरूडला पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं गेली, २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणच्या वायरीला बेळगावच्या कॉलेजचे ८ जण गेले. दोन्ही वेळेला पोरं शिक्षकांबरोबर आली होती, मी तिथे दारूचा विषय आणतच नाहीये, त्यांना फक्त ह्या पाण्याची ओळख नव्हती. नुसती ओळख नसताना हे होतं. दीर म्हणतो, "वहिनी, शुद्धीतला माणूस शिट्टी ऐकून मागे तरी बघतो, घेतलेला माणूस हात हलवून टाटा करतो आणि अजून आत जातो." मे महिन्यात त्याने अशा एकाला ओढून काढला, त्या माणसाने पाण्यातच त्याच्या गळ्याला मिठी मारली, दोघंही गेले असते. रात्री जेवताना त्याचा हात थरथरत होता, भात ताटात पडत होता. त्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त ताटाशी बसून राहिल्या.

कायदा कागदावर चांगला आहे. बियरला २१ वर्षं, कडक दारूला २५ वर्षं पूर्ण पाहिजेत, प्यायला परमिट पाहिजे. पण किनाऱ्यावर शनिवारी रात्री कोण कोणाचं वय बघणार, गावात पोलीस चौकी नाही, तुमच्या खात्याचा माणूस दापोलीतून यायला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना ठेकेदार ओळखपत्र मागेल ह्यावर माझा विश्वास नाही.

कोणी म्हणतात गोव्यात चालतं मग आपल्याकडे का नाही. गोव्यानेच २०१९ मध्ये कायदा बदलला, पर्यटनाच्या जागी उघड्यावर दारू प्यायली तर एकट्याला २,००० आणि ग्रुपला १०,००० रुपये दंड. एवढी वर्षं सगळं भोगून त्यांनी हे केलं. आपण कशाला तोच रस्ता पहिल्यापासून चालायचा?

महसुलाचं मला कळतं. जून २०२५ मध्ये दारूवरचा कर वाढवला तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे येतील असं सरकारने सांगितलं होतं, तिजोरीला पैसा लागतो हे खरंच आहे. लाडक्या बहिणीचे १,५०० मीही घेते, त्यातून मुलीच्या क्लासची फी जाते, ते नाकारत नाही. पण एवढ्या मोठ्या आकड्यात आमच्या बागेतल्या एका परमिट रूमचा वाटा तो किती असणार? आणि घटनेच्या ४७ व्या कलमात तर सरकारने दारूबंदीसाठी प्रयत्न करावेत असं लिहिलंय, मी तेवढंही मागत नाही.

ठेकेदाराची माणसं म्हणतात, एकदा चालू होऊ दे, त्रास झाला तर बायकांनी आडवी बाटली करून, म्हणजे मतदान घेऊन, बंद पाडावं, कायदाच आहे. २००८ चा तो आदेश आम्हाला पाठ आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान आणि निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला. पण साहेब कोकणातल्या गावाची मतदार यादी उघडून बघा. यादीत नाव आहे ती सून विरारला, जाऊ नालासोपाऱ्याला, नणंद डोंबिवलीला. गणपतीला आणि शिमग्याला घर भरतं, बाकी वर्षभर कुलूप. पडताळणीला कोण सुट्टी काढून येणार? जे लायसन्स एका सहीने मिळतं ते घालवायला आम्हाला दोन दोन वर्षं दारोदार फिरायला लागेल, आणि तेवढ्यात कोणाचं तरी पोर बुडालेलं असेल. म्हणून आत्ताच थांबवा म्हणतोय.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा झाली त्यात आम्ही विरोधाचा ठराव केला, एकही हात उलटा वर झाला नाही. ग्रामसभेत मात्र तो विषय "वेळेअभावी" पुढे ढकलला गेला. तुम्ही अर्जाच्या फाईलला तो ठराव लावायला सांगा आणि निर्णय व्हायच्या आधी अधीक्षकांना एकदा जागेवर पाठवा, मंगळवारी दुपारी नको, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, बाग भरलेली असते तेव्हा. त्यांनी स्वतः ती चौदा पावलं चालून बघावीत. ठेकेदाराचं भागत नसेल तर त्यावरही बोलू, आमचा गट त्या कॅन्टीनमध्ये मोदक, घावणे, माशाचं ताट द्यायला तयार आहे, भाडं पण देऊ, हे आम्ही ग्रामपंचायतीला लेखी दिलंय.

सह्यांचे कागद स्पीड पोस्टाने तुमच्या ऑफिसला पाठवलेत. त्यात काही अंगठे आहेत, ते वादळानंतर रोपं लावणाऱ्या आज्यांचे आहेत, त्यांना बाद करू नका.

आपली,
पुळणीवरची एक खानावळवाली आणि गटातल्या सगळ्या जणी